उरलेले तीन

कॅमेरा बसवला त्या दिवशी नारळ फोडला,
खोबरं वाटायला मीच होते.
रबाळे एमआयडीसी, तपासणी विभाग,
बावीस वर्षं एकच खुर्ची,
तिची उशी मी तीनदा शिवलेली.

साहेब म्हणाले, घरतबाई, याला तुम्हीच शिकवायचं.
मग सात आठवडे मी त्याला फोटो दाखवले,
व्हॉल्व्हची बैठक: चांगली. चांगली. खराब.
चांगली. खराब. चांगली.
माउसवर बोट, आणि बोटाच्या आतून
काहीतरी ओघळून चाललंय असं वाटायचं.

दौलत खुटवड म्हणाला,
स्वतःचाच राजीनामा टाइप करत्येस, वत्सले.
जूनमध्ये तोच गेला.
आता कोपरखैरण्याला पाण्याचे फिल्टर बसवतो.
फोन केला तर म्हणतो, बरं चाललंय,
आणि मग दोघंही गप्प.

माझा बाप मिठागरावर होता, घणसोलीच्या खाडीकडे.
पाणी बोटावर घेऊन जिभेला लावायचा
आणि सांगायचा, परवा.
परवा मीठ पिकेल.
परवा पिकायचंच.
मग नकाशे आले, मोजणीवाले आले, भराव आला.
बापाची जीभ तशीच राहिली,
चाखायला पाणी नव्हतं.
घरात आमटीची चव बघायचा तेव्हा
आई म्हणायची, काय मग, परवा का?
तो हसायचा नाही.

त्याच्या प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर मला ही नोकरी.
म्हणजे एक कसब गेलं त्याच्या बदल्यात दुसरं मिळालं.
तिसऱ्यासाठी दाखला कोण देतं?

कॅमेरा मिनिटाला चाळीस नग बघतो. मी सहा.
त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.
शंभरातले सत्त्याण्णव तो झटक्यात निकालात काढतो,
तीन पिवळ्या ट्रेमध्ये टाकतो,
पडद्यावर लिहितो: नक्की सांगता येत नाही.

पहिला महिना मी त्या सत्त्याण्णवांकडे बघून
झुरले.
मग एका रात्रपाळीला, चहावर साय धरेपर्यंत,
तिघांना हातात घेऊन बसले.
अंगठा फिरवला. तिघांनाही एकाच बाजूला धार,
केसाएवढी, पण एकाच बाजूला.
नगाचा दोष नव्हता हा.
उठले, चार नंबरच्या लेथपाशी गेले,
कूलंटचा वास आंबूस, नोझल तिरकं,
पाणी पडायचं तिथे पडत नव्हतं.
बावीस वर्षांत खुर्चीवरून उठून
लेथपर्यंत मी किती वेळा गेले होते?
मोजलं. सांगायची लाज वाटते.

मुबीन म्हणून नवा इंजिनियर पोरगा, त्याने विचारलं,
मावशी, कसं कळलं?
मी त्याचा अंगठा धरून कडेवर फिरवला.
त्याने मला पडद्यामागचा आलेख उघडून दाखवला,
कॅमेरा कुठे अडखळतो, कधीपासून अडखळतो.
आता मी रोज सकाळी आधी तो बघते, मग डबा ठेवते.
मागच्या आठवड्यात चाकणला फोन लावला, आपण होऊन,
ही बैठक तुमच्याकडे जाते कुठे, शिट्टी कधी मारते?
पलीकडचा माणूस वीस मिनिटं बोलला.
म्हणाला, आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मुबीनने सगळं वहीत उतरवलंय.
हेही त्याला शिकवू या, म्हणतो.
शिकव बाबा.
उद्याचे तीन वेगळे असतील,
त्यांच्यासाठी पुन्हा उठावं लागेल.
आणि एखाद्या दिवशी ट्रे रिकामा असला तर?
तर काय, ते मला अजून माहीत नाही.

रविवारी खाडीवर गेले, कांदळवनाच्या कडेला,
जिथून आता नुसत्या काचेच्या इमारती दिसतात.
बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.
खारट.
एवढंच कळलं.
बाप शेजारी होता तेव्हा
कसं ओळखतोस, हे मीही
विचारलं नव्हतं.